केशवराव भोसले : एकतीस वर्षांचे नाट्यायुष्य

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातील संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. ही बातमी परभणीत वाचताना एक प्रश्न मनात राहिला : ज्याच्या नावाने हे नाट्यगृह ओळखले जाते, त्या नटाविषयी आज आपल्याला कितीसे ठाऊक आहे?

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापूरचा. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले आणि हा पोर स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. त्या काळी नाटक मंडळी म्हणजे बिऱ्हाड, शाळा आणि तालीमखाना, सारे एकत्रच. देवलांच्या 'शारदा' नाटकातील नायिकेच्या भूमिकेने या बालनटाचे नाव झाले. पण नावलौकिक नटाचा असला, तरी सत्ता मालकाची, हे वास्तवही त्यांना तिथेच उमगले असावे. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीत त्यांनी 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे सतरा.

ललितकलादर्शचे वेगळेपण केवळ गाण्यात नव्हते. गायनाची तालीम रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या गवयाकडून मिळाली, हे खरेच. परंतु केशवरावांनी नव्या लेखकांनाही रंगमंच दिला. हिराबाई पेडणेकरांचे 'दामिनी' त्यांच्या मंडळीने केले. स्त्रीने लिहिलेले नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आणणे तेव्हा धाडसाचे होते. मामा वरेरकरांचे हुंड्यावरील 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' हीदेखील याच मंडळीची नाटके. पदांसाठी येणाऱ्या प्रेक्षकापुढे घरातलाच प्रश्न मांडायचा, अशी ही रीत होती.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर उभे राहिले. तिकिटाचा वरचा दर शंभर रुपये होता, तरी नाट्यगृह भरून गेले. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत, तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने केशवराव गेले. बालगंधर्वांना पुढे चार दशकांहून अधिक आयुष्य लाभले. केशवरावांना तेवढा अवधी मिळाला नाही. दोघांची तुलना करताना हा फरक सहसा विसरला जातो.

तरीही त्यांची मंडळी मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ती चालवली. शाहू महाराजांनी बांधलेल्या, १९१५ मध्ये खुल्या झालेल्या पॅलेस थिएटरला १९५७ मध्ये केशवरावांचे नाव देण्यात आले. आगीत गेले ते हेच नाट्यगृह.

नटाची कला प्रयोगाबरोबरच संपते, असे आपण म्हणतो. मात्र त्याने उभारलेली मंडळी, निवडलेली नाटके आणि रुजवलेली प्रेक्षकांची सवय मागे उरते. जळालेले नाट्यगृह पुन्हा बांधता येईल. सवय मात्र एकदा तुटली की पुन्हा लावणे कठीण. आणि जिल्ह्याच्या गावात राहून नाटकाच्या दौऱ्यांची वाट पाहणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको.