संरक्षित स्मारक : रायगड जिल्ह्याची तालुकावार ओळख

रायगड जिल्ह्याला आजवर मिळालेली दोन्ही नावे किल्ल्यांची आहेत. १९८१पर्यंत हा जिल्हा अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्याच्या नावाने ओळखला जात असे आणि त्यानंतर महाड तालुक्यातील रायगडाचे नाव त्याला देण्यात आले. या दोन किल्ल्यांकडे जाणाऱ्या वाटा पेण तालुक्यातील वडखळ नाक्यावर वेगळ्या होतात. मुंबई–गोवा महामार्ग नागोठण्यावरून दक्षिणेस महाडकडे जातो, तर दुसरा रस्ता धरमतर खाडी ओलांडून अलिबाग गाठतो. आरमाराचा आणि सह्याद्रीचा असा दुहेरी वारसा असलेल्या या जिल्ह्यात कोणत्या वास्तूंना शासनाची अधिकृत मान्यता आहे आणि त्या मान्यतेने नेमके काय साधते, हे समजून घेणे येथील प्रत्येक रहिवाशाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

एखादी वास्तू केवळ जुनी किंवा प्रसिद्ध असल्यामुळे संरक्षित ठरत नाही. त्यासाठी शासनाने राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी १९५८चा केंद्रीय कायदा असून, किमान शंभर वर्षे अस्तित्वात असलेली आणि ऐतिहासिक, पुरातत्त्वीय किंवा कलात्मक मोल असलेली वास्तू, लेणी, शिल्प किंवा शिलालेख त्याच्या कक्षेत येऊ शकतो. सरकार आधी आपला हेतू जाहीर करते, हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत देते आणि आलेल्या हरकतींचा विचार करून अंतिम निर्णय घेते. त्यानंतर ते स्मारक १८६१मध्ये स्थापन झालेल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या देखरेखीखाली येते. देशात अशी साडेतीन हजारांहून अधिक स्मारके आहेत. त्यांपैकी अनेकांना १९०४च्या ब्रिटिशकालीन कायद्यानेच संरक्षण मिळाले होते आणि स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी ते पुढे चालू ठेवले.

या केंद्रीय यादीच्या जोडीला महाराष्ट्राचा १९६०चा स्वतंत्र कायदा आहे. त्यानुसार घोषित झालेल्या वास्तूंना ‘राज्य संरक्षित स्मारक’ म्हणतात आणि त्यांची जबाबदारी राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे असते. मान्यतेचा तिसरा प्रकार नगररचनेच्या नियमांतून येतो. बृहन्मुंबईत १९९५मध्ये लागू झालेल्या वारसा नियमावलीने इमारतींची पहिली, दुसरी आणि तिसरी अशी श्रेणी ठरवली. श्रेणी जितकी वरची, तितके बदलांवरचे बंधन कडक, असे तिचे सूत्र आहे. या व्यवस्थेमुळे लोकांच्या राहत्या किंवा वापरत्या वास्तूंनाही काही संरक्षण मिळू शकते.

जिल्ह्याच्या पंधरा तालुक्यांतून संरक्षित स्मारकांची यादी वाचली, तर कोकणाच्या दोन हजार वर्षांचा आलेख डोळ्यांसमोर उभा राहतो. कर्जत तालुक्यातील कोंडाणे, सुधागडमधील ठाणाळे, तळा तालुक्यातील कुडे आणि महाडजवळील गांधारपाले ही बौद्ध लेणी बंदरांना घाटमाथ्याशी जोडणाऱ्या व्यापारी वाटांची साक्ष देतात. उरण तालुक्यातील घारापुरीची शैव लेणी १९८७मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. अलिबाग तालुक्यातील चौल–रेवदंडा परिसरात पोर्तुगीज तटबंदीचे आणि चर्चचे अवशेष आहेत, तर मुरुड तालुक्यात सिद्दींचा जंजिरा आणि खोकरी येथील त्यांच्या कबरी आहेत.

जुलै २०२५मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत दाखल झाले. त्यांत या जिल्ह्याचे दोन किल्ले आहेत. एक रायगड, जेथे १६७४मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला; आणि दुसरा अलिबाग तालुक्यातील थळसमोरचा खांदेरी, ज्याचे बांधकाम १६७९मध्ये इंग्रज आणि सिद्दी या दोघांच्या आरमारांचा विरोध मोडून काढत पुढे नेण्यात आले. यांपैकी रायगड केंद्र संरक्षित, तर खांदेरी राज्य संरक्षित आहे. जागतिक मान्यतेने प्रतिष्ठा आणि जबाबदारी वाढली, तरी प्रत्यक्ष जतनाचा भार देशातील याच यंत्रणांवर राहतो.

संरक्षणाचा परिणाम स्मारकाच्या भिंतीपाशी थांबत नाही. २०१०च्या दुरुस्तीनुसार केंद्र संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरच्या पट्ट्यात बांधकामासाठी पूर्वपरवानगी लागते. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तुलनेसाठी पाहता, अमेरिकेत १९६६च्या कायद्याने सुरू झालेली ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही राज्यागणिक आणि त्याखालील काउंटी या जिल्ह्यासारख्या घटकागणिक वाचता येते. परंतु तेथे केवळ नोंद झाल्यामुळे खासगी मालकाला स्वतःच्या पैशाने इमारतीत बदल करण्यास मज्जाव होत नाही. भारतीय यादी तुलनेने लहान आणि तिची बंधने कडक आहेत. त्यामुळेच ती किल्ले आणि लेण्यांकडे अधिक झुकलेली दिसते, आणि जुने पूल, वाडे, तलाव, विहिरी यांना तिच्यात मोठ्या स्मारकांइतके सहज स्थान मिळत नाही.

वडखळच्या परिसरात हा प्रश्न अधिक जाणवतो. नागोठण्याचा अंबा नदीवरील दगडी पूल, जो सोळाव्या शतकातील मानला जातो, पेण तालुक्यातील सांकशीचा किल्ला, रोहा तालुक्यातील अवचितगड आणि सुरगड, तसेच १८९५मध्ये विनोबा भावे यांचा जन्म झालेले गागोदे या साऱ्यांचे महत्त्व त्यांच्या आकारावर अवलंबून नाही. रस्ता, बाजार, जलमार्ग आणि विचार यांनी हा प्रदेश कसा घडवला, हे अशाच ठिकाणांवरून कळते. महामार्गाचे रुंदीकरण आणि औद्योगिक वसाहतींचा विस्तार सुरू असलेल्या पट्ट्यात ज्या वास्तूची कोणत्याही कागदावर नोंद नाही, तिच्या बाजूने बोलणारा कोणी नसतो.

म्हणून प्रत्येक तालुक्याने आपल्या वास्तूंची छायाचित्रे, मोजमापे, मालकी आणि सद्यःस्थिती यांसह सूची तयार करणे अगत्याचे आहे. ग्रामपंचायती, शाळा आणि इतिहासाचे अभ्यासक यांना हे काम करता येईल, आणि अशी सूची हाती असेल तर संरक्षणाचा प्रस्ताव पुराव्यानिशी मांडता येईल. रायगड आणि कुलाबा यांची नावे जिल्ह्याने कपाळावर मिरवली. त्यांच्या वाटेवरील लहान स्मारकांनाही शासनदप्तरी निश्चित नोंद आणि निश्चित जबाबदार यंत्रणा मिळवून देणे, हे आता येथील लोकांचे कर्तव्य आहे.