वयानुरूप वर्ग आणि कोयत्याचा हंगाम

नगर–पाथर्डी रस्त्यावरचे तिसगाव हे पाथर्डी तालुक्यातील मोठे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते, आणि या पट्ट्यातील कोरडवाहू शेतीवर वर्ष निघत नसल्यामुळे तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आसपास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. उचल म्हणजे हंगामापूर्वी हातात पडणारी आगाऊ रक्कम, जी पुढे तोडलेल्या उसाच्या टनांवर फेडायची असते. हा व्यवहार कोयत्याच्या हिशेबाने, म्हणजे सामान्यतः नवरा-बायकोच्या एका जोडीला एक धरून होतो. त्यामुळे कोपीवर, म्हणजे तोडीच्या ठिकाणच्या तात्पुरत्या झोपडीत, धाकटे भावंड सांभाळणाऱ्या किंवा वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करणाऱ्या मुलाची त्यात कोठे गणतीच होत नाही. शाळेचे वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत आणि गाळपाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालत असल्याने असे मूल पहिले सत्र कसेबसे पुरे करते, दुसरे गमावते, आणि तीन-चार हंगामांनंतर पटावर पाचवीत असूनही वाचनाच्या बाबतीत दुसरीतच अडकून राहते किंवा शाळेतून कायमचे गळते.

बुडालेल्या इयत्तांचा गाभा थोड्या काळात पुरा करून अशा मुलाला नियमित वर्गात आणून बसवण्याच्या व्यवस्थेला गतिमान शिक्षण म्हणतात. या नावामुळे घाईचा भास होत असला, तरी तिचा खरा आधार निवड हाच आहे: अभ्यासक्रमातील पुनरावृत्ती वगळायची, पुढच्या इयत्तेला ज्यांच्यावाचून अडते ती कौशल्ये राखायची, आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलापेक्षा जे अधिक समजते त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८५ मध्ये २२ एकखोली शाळांपासून याच धर्तीवर काम सुरू केले. परंतु महाराष्ट्रातील प्रयोग त्याहूनही आधीचा आहे. जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या आणि १९७६ मध्ये पुण्यास आलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनने १९७९ मध्ये चित्रा नाईक यांच्या मार्गदर्शनाखाली पुणे जिल्ह्यातील खेड्यांत ९ ते १४ वयोगटातील शाळाबाह्य मुलामुलींसाठी अनौपचारिक वर्ग सुरू केले. हे वर्ग दिवसभराची कामे आटोपल्यावर संध्याकाळी भरत, आणि मूल्यमापनासाठी परीक्षेऐवजी गावोगावच्या मुलांची बालजत्रा घेतली जाई. वर्गाची वेळ मुलाच्या कामाकडे पाहून ठरवण्याचे हे शहाणपण पुढच्या अनेक सरकारी योजनांना जमले नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्याच्या चौथ्या कलमाने या कामाचा क्रम उलटा केला. पूर्वी मूल आधी बाहेर शिकत असे आणि मग शाळेत दाखल होई. आता ते आधी आपल्या वयाला साजेशा वर्गात दाखल होते, आणि त्या वर्गाच्या बरोबरीला येण्यासाठी त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. केंद्राच्या आदर्श नियमांनुसार या प्रशिक्षणाची मुदत किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षे असून, वय चौदाच्या पुढे गेले तरी प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत ते मोफतच राहते. प्रवेशासाठी मुलाची अडवणूक होऊ नये या दृष्टीने हा बदल निश्चितच योग्य होता; मात्र नाव पटावर चढताच मूल ‘शाळाबाह्य’ या सदरातून वजा होते, आणि प्रशिक्षण झाले नाही तरी ते कागदावर कोणाला खटकत नाही, ही त्याची दुसरी बाजू आहे.

प्रशिक्षण खरोखर होते तेव्हा ते कसे चालते, हे गणितावरून चांगले कळते. बावन्नातून सतरा वजा करताना सहा-सात वर्षांचे मूल हातच्यापाशी अडखळते. ऊसतोडीला जाऊन आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाने मोळ्या बांधलेल्या पाहिलेल्या असतात, बाजारहाटाचा तोंडी हिशेबही त्याला येत असतो, फक्त तो हिशेब कागदावर मांडण्याची रीत त्याला ठाऊक नसते. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवल्या, एक गठ्ठा सोडून बारा सुट्या केल्या, त्यांतून सात आणि उरलेल्या चार गठ्ठ्यांतून एक बाजूला काढला, की तीन गठ्ठे आणि पाच काड्या, म्हणजे पस्तीस, समोर उरतात. दशक-एकक हे शब्द त्यानंतर सांगितले तरी चालते. वाचनातही मुळाक्षरांची ओळ क्रमाने घोकण्यापेक्षा म, क, ग, र ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर मका, काम, राग, गार, मगर असे शब्द लगेच तयार होतात, आणि आपल्याला वाचता येते हे मुलाला लवकर पटते. एवढ्या मोठ्या मुलाला ‘पहिलीचे’ पुस्तक हातात घेण्याची वाटणारी लाज हाही येथे अध्यापनाचाच प्रश्न ठरतो.

तथापि पाथर्डीसारख्या तालुक्यात केवळ बुडालेल्या अभ्यासाची थकबाकी भरून भागत नाही, कारण पुढच्या दिवाळीनंतर ती पुन्हा साचू लागते. म्हणूनच हंगामी वसतिगृहाचे, म्हणजे आईवडील तोडीवर असताना गावात मागे राहणाऱ्या मुलांच्या निवास-भोजनाच्या सोयीचे, महत्त्व अधिक आहे. संत भगवानबाबा यांच्या नावाने २०२१ मध्ये मंजूर झालेल्या शासकीय वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत मुलांसाठी व मुलींसाठी प्रत्येकी एक, अशी ८२ वसतिगृहे योजली गेली आणि पहिल्या टप्प्यातील तालुक्यांत पाथर्डी होता. मुलगी मोठी होऊ लागली की तिला मागे ठेवायला पालक धजावत नाहीत, त्यामुळे मुलींच्या वसतिगृहाची गरज सर्वांत निकडीची आहे. जी मुले तरीही जातात त्यांच्यासोबत शिक्षण हमी कार्ड दिले जाते, जेणेकरून कारखान्याच्या परिसरातील शाळेने त्यांना त्यांच्याच इयत्तेत बसवून घ्यावे. परंतु टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलते, कोपी शाळेपासून दूर पडते, आणि पहाटे तोडीला जाणाऱ्या आईने तान्ह्याला ज्याच्या स्वाधीन केले आहे, त्याच मुलाच्या नावावर ते कार्ड असते.