प्रोजेक्ट कुणाला कोणता? पन्नास वर्षांच्या वाटपगणिताचा मागोवा

1972 साली लीड्स विद्यापीठातल्या लेस प्रॉल यांनी ‘ऑपरेशनल रिसर्च क्वार्टर्ली’त एक लेख लिहिला. प्रश्न कोणत्याही विभागाला दरवर्षी पडणारा होता: विद्यार्थ्यांना प्रोजेक्ट वाटायचे कसे? प्रत्येकाने पसंतीक्रम द्यायचा, एक प्रोजेक्ट एकालाच मिळणार, आणि सगळ्यांच्या पसंतीचा विचार एकाच वेळी करायचा. वीस विद्यार्थी आणि वीस प्रोजेक्ट घेतले तरी वाटपाचे प्रकार 2 वर 18 शून्ये इतक्या संख्येहून जास्त होतात. ते एकेक करून तपासायची मात्र गरज नव्हती. क्योनिग आणि एगरव्हारी या हंगेरियन गणितींच्या कामाच्या आधारे हॅरॉल्ड कून यांनी 1955 मध्येच अशा वाटपाची वेगवान रीत मांडली होती. म्हणजे गणित हाताशी होते, तरीही या विषयावरचे संशोधन पुढे दशकानुदशके चालूच राहिले. याचे कारण मला असे दिसते की हिशेब कसा करायचा हे कळले, तरी हिशेब कशाचा करायचा हे ठरलेले नव्हते. न्याय्य वाटप म्हणजे काय, हे आकड्यांत लिहिल्याशिवाय संगणक पुढे सरकत नाही. गणिती वाटपाने विद्यापीठांना दिलेली सर्वांत मोठी गोष्ट ही सक्तीच आहे, वाचलेला वेळ त्यामानाने किरकोळ.

तीन विद्यार्थी घ्या. एका वाटपात दोघांना पहिली पसंती मिळते आणि तिसऱ्याला चौथी; दुसऱ्या वाटपात तिघांनाही दुसरी. क्रमांकांची बेरीज दोन्हीकडे 6 येते, त्यामुळे बेरीज कमीत कमी ठेवा एवढेच सांगितले तर यंत्राला दोन्ही वाटपे सारखीच. ‘जास्तीत जास्त पहिल्या पसंती’ असा निकष दिला की पहिले वाटप निवडले जाते. क्रमांकांचे वर्ग करून बेरीज केली तर 18 विरुद्ध 12, आणि दुसरे निवडले जाते. गणित दोन्ही वेळा निर्दोष आहे. दोघांच्या आनंदासाठी तिसऱ्याला मागे ठेवायचे की नाही, हे मात्र विभागालाच ठरवावे लागते. मला स्वतःला दुसरे वाटप योग्य वाटते, कारण नावडत्या विषयात अख्खे वर्ष काढणाऱ्याचे नुकसान पहिली पसंती थोडक्यात हुकलेल्याच्या हळहळीपेक्षा पुष्कळ मोठे असते.

पुढचा मोठा टप्पा मार्गदर्शकांचा होता. एका प्राध्यापकाकडे किती विद्यार्थी जावेत याला मर्यादा असते आणि विद्यार्थ्यांबद्दल प्राध्यापकांचीही पसंती असते. डेव्हिड अब्राहम, रॉबर्ट अर्व्हिंग आणि डेव्हिड मॅनलव्ह यांनी 2003 मध्ये हा प्रश्न गेल आणि शॅप्ली यांच्या 1962 मधल्या स्थिर जुळणीच्या कल्पनेशी जोडला: वाटप असे हवे, की ते मोडून आपसात वेगळी जुळणी करावी असे कोणत्याही विद्यार्थ्याला आणि प्राध्यापकाला मिळून वाटू नये. त्याच वर्षी साउथॅम्प्टनच्या अन्वर आणि बहाज यांनी एकट्याने करायच्या आणि गटाने करायच्या प्रोजेक्टसाठी इंटिजर प्रोग्रामिंगची, म्हणजे उत्तरे पूर्णांकांतच शोधणाऱ्या गणिताची, वेगवेगळी प्रारूपे मांडली. ‘किमान तीन जण असतील तरच हा प्रोजेक्ट चालवू’ अशी अट आली की कून यांची साधी रीत अपुरी पडते. गंमत अशी की प्राध्यापकांची पसंती विद्यार्थ्यांऐवजी प्रोजेक्टबद्दल धरली, तर जास्तीत जास्त विद्यार्थ्यांना सामावणारी स्थिर जुळणी शोधणे एकदम अवघड होऊन बसते.

अशा गणिती वाटपावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: शिक्षक विद्यार्थ्याला ओळखतो, आकडे ओळखत नाहीत. ते खरेच आहे. पण ही ओळख अट म्हणून प्रारूपात घालता येते, आणि मग ती सर्वांना दिसते. तोंडी वाटपात तीच ओळख बहुधा धिटाईने केबिनमध्ये जाणाऱ्याच्या पदरात पडते आणि बुजरा विद्यार्थी उरलेले घेतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बेरजेच्या पद्धतीत चलाख विद्यार्थी पहिल्या पसंतीखाली मुद्दाम सर्वांना हवे असलेले प्रोजेक्ट लिहितो, म्हणजे त्याची पहिली पसंती नाकारणे यंत्राला महाग पडते. यावर परिपूर्ण उपाय नाही. तीन किंवा अधिक जणांच्या आवडीची तीव्रताही मोजायची असेल, तर समान वागणूक, कार्यक्षमता आणि खरे सांगण्यात कधीच तोटा नसणे हे तिन्ही गुण एका नियमात एकत्र येत नाहीत, हे लिन झोऊ यांनी 1990 मध्ये सिद्ध केले. एकामागून एक निवडू दिले तर खोटे लिहून फायदा होत नाही, पण मग पहिला क्रमांक कुणाचा? केंद्रीय प्रवेशाच्या कॅप राउंडमुळे गुणानुक्रम आपल्या ओळखीचा आहे. प्रवेशासाठी तो समजण्याजोगा असला, तरी एकाच वर्गात कमी गुणांच्या विद्यार्थ्याला, ज्याला योग्य गाईडची गरज सर्वांत जास्त असते, रांगेत शेवटी उभे करणे मला पटत नाही. तिथे चिठ्ठ्या टाकून क्रम लावावा, किंवा बेरजेचीच पद्धत ठेवून सर्वांकडून सारख्या लांबीची यादी घ्यावी. यांपैकी काय निवडले आहे आणि चौथ्या पसंतीला किती भार दिला आहे, हे फॉर्म भरून घेण्याआधी विद्यार्थ्यांच्या हाती असले पाहिजे.