पाठीकडून पाहायचे देऊळ

तेरला माणसे जातात ती गोरोबाकाकांच्या दर्शनाला. मीही जातो; पण माझा पाय खरा ओढतो तो त्रिविक्रमाच्या देवळाकडे, आणि तिथेही हात जोडून झाले की मी मागच्या अंगाला जातो. समोरून पाहाल तर सपाट छताचा मंडप. त्यात विशेष काही नाही. मागे मात्र भिंत कोपरा करायचा सोडून अर्धगोल फिरते आणि तिच्यावर विटांचेच घुमटदार लांबट छप्पर हत्तीच्या पाठीसारखे बसलेले दिसते. शिल्पशास्त्राने या घाटाला गजपृष्ठ म्हटले ते उगीच नाही.

कार्ल्याची लेणी पाहिलेल्या माणसाला हा आराखडा लगेच ओळखू येईल. फरक एवढाच, की कार्ल्याला खडक कोरून काढला आणि इथे वीट वीट रचत नेली. लेणी कोरणाऱ्यांनी ज्या बांधीव चैत्यगृहांची नक्कल केली, ती लाकडा-विटांची असल्याने बहुतेक सगळी गेली. सांचीच्या १८ क्रमांकाच्या मंदिराचे नुसते खांब उरले. छपरासकट उभी राहिलेली उदाहरणे शोधताना पर्सी ब्राउनने दोन नावे जोडीने घेतली : आंध्रातल्या चेजर्ल्याचे कपोतेश्वर आणि आपले तेर. दोन्ही साधारण पाचव्या शतकातली, दोन्ही लहानखुरी, लांबीला तीसेक फूट.

छपराची करामत जवळून पाहण्यासारखी आहे. इथे खरी कमान नाही. विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरा आत सरकवला आहे. दोन्ही भिंती अशा झुकत झुकत माथ्यावर भेटतात. चुकले तर सगळे अंगावर यायचे काम. मदतीला आली ती हलकी वीट. तेरच्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भुसा-तूस भरपूर कालवले की भट्टीत ते जळून जाते आणि विटेत पोकळ्या राहतात, त्यामुळे वजन उतरते. ज्या गावाचा संत कुंभार, त्या गावाला मातीची ही नस ठाऊक असणारच.

तगर नगराची कथा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून ती धावतच सांगतो. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक प्रवासग्रंथाच्या लेखकाने पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ठेवलेले हे शहर नेमके कुठले, यावर विद्वानांची चांगलीच जुंपली होती. कोणी देवगिरी म्हणे, भगवानलाल इंद्रजी जुन्नर म्हणत, तर रामकृष्ण भांडारकरांना धारूर वाटे. १९०१मध्ये फ्लीटने तेरचे नाव पुढे केले आणि ते टिकले. त्यापाठोपाठ हेन्री कझिन्सने इथल्या देवळांची पाहणी केली. पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३च्या अहवालातला त्याचा लेख मला अजून पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. मूर्ती विष्णूची असली तरी घर मूळचे बौद्धांचे, असा त्याचा निष्कर्ष. मंडपाच्या छतावर डोकावणारी गाभाऱ्याची दर्शनी बाजू नालाकृती आहे, थेट चैत्यगवाक्षाची आठवण करून देणारी.

आता भांडण इथेच आहे. मागची बाजू गोल म्हणून बौद्ध, हा युक्तिवाद लंगडा आहे. ऐहोळेचे दुर्ग मंदिर गोल पाठीचे आहे, गुडीमल्लमचे शिवालयही आहे. ती कोणी बौद्ध ठरवत नाही. तरी मी कझिन्सच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण त्याच्या हयातीत उजेडात आलेच नव्हते. १९६०च्या दशकातल्या उत्खननात तेरलाच विटांचा मोठा स्तूप निघाला, आऱ्यांच्या चाकासारख्या आराखड्याचा. स्तूप आहे तर चैत्यगृह असणे ओघानेच आले. त्या स्तूपाला कोणी वाली उरला नाही, म्हणून तो मातीखाली गेला. चैत्यगृहाला नवा देव मिळाला, म्हणजे पुजारी मिळाला, दिवा मिळाला, गळक्या छपराची काळजी करणारे कोणी मिळाले. धर्मांतराने वास्तू वाचली, हे ऐकायला दोन्ही बाजूंना आवडत नाही, असा माझा अनुभव आहे.

तेरची खरी दौलत मात्र एका गावकऱ्याने जमवली. रामलिंगप्पा लामतुरे यांनी टेकाडांतून निघणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती, शंखाच्या वस्तू गोळा केल्या. त्यांच्या संग्रहातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीची बहीण शोभेल अशी मूर्ती १९३८मध्ये पाँपेईत सापडली होती. ते शहर इसवी सन ७९मध्ये राखेखाली गेले. ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेटने १९६०मध्ये ‘तेर’ नावाची पुस्तिका काढली. हा संग्रह आज लामतुऱ्यांच्याच नावाच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. तिथे गेलात तर उत्तरेश्वर मंदिराची कोरीव चौकट चुकवू नका. तेही देऊळ विटांचेच, पण चौकट लाकडाची. मराठवाड्याच्या उन्हा-वाळवीत हजाराहून अधिक वर्षे टिकलेले लाकूड!

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लोहारा-उमरगा भागातली दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेला. त्रिविक्रम उभा राहिला. तेर केंद्रापासून दूर होते, त्यामुळे सगळे श्रेय हलक्या विटेला देणार नाही. पण डोक्यावर किती वजन घ्यायचे हे या बांधणाऱ्यांना आमच्या आजोबा-पणजोबांपेक्षा बरे कळत होते, एवढे खरे.

विटेचे वय काढण्याची उष्मादीप्ती पद्धत आहे. वीट भट्टीतून कधी निघाली ते तिच्यावरून अंदाजाने कळते. गाभाऱ्याच्या आणि मागाहून जोडलेल्या मंडपाच्या विटा वेगवेगळ्या तपासल्या, तर दोहोंत किती अंतर आहे ते समजेल. देव कधी बदलला हे वीट सांगणार नाही. माझा कयास विचाराल, तर मंडप जोडला त्याच सुमाराला. स्तूपाभोवती फिरणाऱ्या भिक्षूंना पुढे सभा भरवायला जागा लागत नव्हती. कीर्तनाला आणि नैवेद्याला लागते.