चाकणचा माल आणि बिनपगारी रजेवरचे वैमानिक

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यातील ज्या घरांतून मुलेमुली वैमानिक झाली आहेत, त्या घरांत एखादी प्रवासी विमान कंपनी अडचणीत आली की एकच सल्ला पुन्हा पुन्हा ऐकू येतो. प्रवासी थांबले तरी माल थांबत नाही, चाकणसारखा कारखान्यांचा मुलूख उंबऱ्याशी आहे, तेव्हा मालवाहू कंपनीत नोकरी धरावी आणि बरे दिवस येईपर्यंत तिथे थांबावे, असा तो सल्ला असतो. जेट एअरवेजची उड्डाणे 17 एप्रिल 2019 रोजी बंद पडली, करोनाकाळात अनेक कंपन्यांनी वैमानिकांना बिनपगारी रजेवर पाठवले आणि मे 2023 मध्ये गो फर्स्ट जमिनीवर आली. या प्रत्येक प्रसंगी मालवाहतुकीकडे हुकमी आसरा म्हणून बोट दाखवले गेले. सल्ला आपुलकीचा असला तरी त्याच्या मुळाशी असलेली समजूत चुकीची आहे, आणि तिच्यावर विसंबून नोकरीच्या शोधातले मोलाचे महिने वाया जाऊ शकतात, म्हणून ती नीट तपासणे आवश्यक आहे.

पहिली चूक मालाविषयीच्या कल्पनेत आहे. चाकणमधून बाहेर पडणारी मोटार, दुचाकी किंवा ट्रकचा सांगाडा विमानाने जात नाही. तो रस्त्याने, रेल्वेने आणि निर्यातीसाठी बंदरातून जहाजाने जातो, कारण वजनाच्या मानाने त्याची किंमत हवाई भाडे सोसण्याइतकी नसते. विमानाच्या वाट्याला येतात ते तातडीचे सुटे भाग, ज्यांच्यावाचून एखाद्या कारखान्याची जुळणी थांबण्याची वेळ येते, तसेच इलेक्ट्रॉनिक घटक, औषधे आणि नमुने. परदेशी जाणारा असा बराच माल ट्रकमध्ये भरून द्रुतगती महामार्गाने मुंबईच्या विमानतळावर नेला जातो, कारण पुण्याचे लोहगाव विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ आहे आणि तेथील नागरी वाहतुकीला त्या तळाच्या मर्यादा सांभाळाव्या लागतात. धावपट्टीच्या कामासाठी 26 ऑक्टोबर 2020 पासून सुमारे वर्षभर तेथील रात्रीची उड्डाणे बंद होती, आणि मालवाहू विमानांचा धंदा तर मुख्यतः रात्रीचा असतो. शिवाय 2020 मध्ये केंद्र सरकारने परदेशी कंपन्यांची अनियमित, म्हणजे वेळापत्रकाबाहेरची, मालवाहू उड्डाणे मुंबई, दिल्ली, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या सहा विमानतळांपुरती मर्यादित केली. त्या यादीत पुणे नव्हते.

दुसरी आणि अधिक मोठी चूक अशी की हवाई माल म्हणजे मालवाहू विमान, हे समीकरण मनात पक्के बसलेले असते. प्रवासी विमानात आसनांच्या खाली जो मालकक्ष असतो त्यात प्रवाशांच्या बॅगांबरोबर व्यापारी मालही भरला जातो, आणि त्याला या व्यवसायात बेली कार्गो म्हणतात. करोनापूर्वी जगातील हवाई मालापैकी साधारण निम्मा माल अशा प्रकारे प्रवासी विमानांच्या पोटातूनच जात असे. पुण्यातील सर्वांच्या आठवणीतले उदाहरण 12 जानेवारी 2021 चे आहे. कोव्हिशील्ड लशीची पहिली खेप त्या सकाळी स्पाइसजेटच्या विमानाने दिल्लीला गेली. त्या दिवसाच्या उड्डाणांपैकी मालवाहू दोनच असतील आणि बाकीची नेहमीची प्रवासी उड्डाणे असतील, असे लस वाहून नेणाऱ्या कंपनीने तेव्हा जाहीर केले होते. देशाचे लक्ष लागून राहिलेला माल जर बहुतांशी प्रवाशांच्या पायाखालून गेला, तर चाकणच्या गिअरबॉक्ससाठी स्वतंत्र विमानांचा ताफा उभा आहे असे मानण्याला कोणताच आधार उरत नाही. येथे एक कडू निष्कर्ष निघतो: प्रवासी उड्डाणे वाढली की माल वाहण्याची क्षमता आपोआप वाढते आणि मालवाहू विमानांची गरज घटते, म्हणून माल वाढला की मालवाहू वैमानिकांच्या जागाही त्याच प्रमाणात वाढतात, असे घडत नाही.

आता जागांचा हिशेब. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने दिलेल्या आकड्यांनुसार भारतीय कंपन्यांकडे 2018 मध्ये केवळ 7 मालवाहू विमाने होती आणि 2021 पर्यंत ती 28 झाली. एका विमानामागे ढोबळमानाने 10 ते 14 वैमानिक लागतात असे धरले, तर 2018 च्या ताफ्यात शंभराच्या आतच जागा होत्या आणि त्या भरलेल्या होत्या. दुसऱ्या बाजूला, जेटच्या वैमानिकांची संघटना 2019 मध्ये सुमारे 1,100 सदस्य असल्याचे सांगत होती. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर वादाला जागा राहू नये, तरीही तो सल्ला थांबत नाही, आणि तेच खेदाचे आहे. जेटमधील लोकांना प्रत्यक्षात कोणी घेतले हेही नोंदलेले आहे: जेट बंद पडल्यावर दोनच दिवसांनी स्पाइसजेटने तेथील 100 वैमानिकांना नोकरी दिल्याचे जाहीर केले, कारण जेटचीच बोइंग 737 विमाने भाड्याने घेऊन ती प्रवासी सेवा वाढवत होती. त्याच स्पाइसजेटने सप्टेंबर 2022 मध्ये सुमारे 80 वैमानिकांना तीन महिन्यांच्या बिनपगारी रजेवर पाठवले, आणि त्या वेळी तिच्याकडे स्वतःची मालवाहू शाखा होती. घरातली मालवाहू शाखाही घरातल्याच वैमानिकांना सामावून घेऊ शकली नाही, यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

तिसरा अडसर परवान्याचा आहे आणि औद्योगिक पट्ट्यातील वाचकाला तो लगेच समजेल: सीएनसी यंत्रावरचा कुशल कारागीर जसा दुसऱ्या कंपनीच्या नियंत्रण प्रणालीवर प्रशिक्षणाशिवाय उभा केला जात नाही, तसेच वैमानिकाचे असते, फक्त येथे ती अट कायद्याची आहे. व्यावसायिक परवान्यावर प्रत्येक विमानप्रकाराची स्वतंत्र नोंद लागते, तिला टाइप रेटिंग म्हणतात, आणि ती मिळवण्यासाठी वर्गातील अभ्यास, सिम्युलेटरवरील सराव व परीक्षा आणि त्यानंतर प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष मार्गावरची उड्डाणे, म्हणजे लाइन ट्रेनिंग, हे सारे टप्पे पार करावे लागतात. ब्लू डार्ट या मालवाहू कंपनीचा ताफा 2019 मध्ये बोइंग 757 विमानांचा होता. जेटकडे 757 नव्हते आणि गो फर्स्ट तर एअरबस 320 मालिकेवर चालत होती. त्यात घरी बसलेल्या वैमानिकाची पात्रता रोज झिजत असते, कारण प्रवासी घेऊन उडण्यासाठी मागील 90 दिवसांत किमान तीन उड्डाणे आणि तीन अवतरणे झालेली असावी लागतात, सिम्युलेटरवरील नियतकालिक चाचण्या चुकवता येत नाहीत आणि प्रथम श्रेणीचे वैद्यकीय प्रमाणपत्र मुदतीत नवे करावे लागते. नव्या कंपनीत ज्येष्ठतेची यादीही तळापासून सुरू होते, त्यामुळे हजारो तास उडालेल्या कॅप्टनला उजव्या आसनावर फर्स्ट ऑफिसर म्हणून बसण्याची तयारी ठेवावी लागते.

याच्या आगेमागे काही लहान गैरसमज फिरत असतात. मालवाहू कंपन्या मंदीत बुडत नाहीत, हे खरे नाही: कॅप्टन गोपीनाथ यांनी नागपूरला केंद्र करून 2009 मध्ये सुरू केलेली डेक्कन 360 ही सेवा 2011 मध्ये बंद पडली, आणि अमेरिकेतील फेडेक्सकडे 2023 मध्ये वैमानिक इतके जास्त झाले की तिने त्यांना एका प्रादेशिक प्रवासी कंपनीत जाण्याचा पर्याय सुचवला. मालवाहू वैमानिकाला 65 वर्षांनंतरही उडता येते, ही ऐकीव गोष्ट आहे. भारतीय नियमातील वयोमर्यादा माल आणि प्रवासी असा भेद करत नाही. खोकी तक्रार करत नाहीत म्हणून काम सोपे, हे म्हणणे तर संतापजनक आहे, कारण 3 सप्टेंबर 2010 रोजी दुबईजवळ यूपीएसचे बोइंग 747 लिथियम बॅटऱ्या असलेल्या मालाला लागलेल्या आगीने कोसळले, 29 एप्रिल 2013 रोजी बगराम येथे नॅशनल एअरलाइन्सचे विमान आतील लष्करी वाहन सुटून मागे सरकल्याने पडले, आणि त्याच वर्षी 14 ऑगस्टला अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे पहाटेपूर्वी झालेल्या यूपीएसच्या अपघातात अमेरिकी तपास यंत्रणेने वैमानिकांच्या थकव्याचाही उल्लेख केला. शरीराला झोपेची सर्वाधिक ओढ असते तो पहाटे दोन ते सहाचा काळ हाच मालवाहू वैमानिकाच्या कामाचा काळ असतो.

तरीही दार पूर्ण बंद आहे असे म्हणणे चूक ठरेल. इंडिगोने 2022 पासून एअरबस 321 ची मालवाहू रूपे आणली, जी 320 च्याच टाइप रेटिंगवर चालतात, परंतु त्यांच्यासाठी वैमानिक मुख्यतः कंपनीतच उपलब्ध असतात. क्विकजेट या मालवाहू कंपनीने 2023 मध्ये अॅमेझॉनसाठी बोइंग 737-800 विमाने उडवायला सुरुवात केली आणि ब्लू डार्टनेही त्याच प्रकारची दोन विमाने ताफ्यात घेतली, त्यामुळे 737 वर ताजा अनुभव असलेल्या वैमानिकाला येथे अर्ज करण्यात अर्थ आहे, मात्र जागा मोजक्या असतात. बिनपगारी रजेवरील वैमानिकाने अर्जाआधी एक गोष्ट तपासणे अगत्याचे आहे: अशी रजा म्हणजे सेवामुक्ती नव्हे, करार चालूच असतो. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या 2017 च्या नियमानुसार कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते, आणि जुन्या कंपनीचे ना हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नवी कंपनी, मग ती प्रवासी असो वा मालवाहू, त्याला विमानात बसवू शकत नाही.