पाणवठ्यावरचा धर्म

जून २००९. पाकिस्तानी पंजाबातल्या इटांवाली गावात फालशाच्या मळ्यात बायका फळं तोडत होत्या. ऊन मी म्हणत होतं. आसिया बीबी विहिरीवर गेली, तिथल्या भांड्यानं पाणी प्यायली. भांडं बाटलं, असं सोबतच्या बायकांनी ऐकवलं, कारण ती ख्रिस्ती. शब्दानं शब्द वाढला, ईशनिंदेचा गुन्हा दाखल झाला आणि २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. तिची बाजू घेणारे गव्हर्नर सलमान तासीर आणि मंत्री शाहबाज भट्टी २०११ मध्ये मारले गेले. ती निर्दोष सुटली ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी.

धुळे-जळगावच्या वाचकाला हा विटाळ ओळखीचा आहे. पंजाबातले बहुसंख्य ख्रिस्ती हे मूळचे चुहडा, म्हणजे सफाईकामाला जुंपलेल्या जातीतले. धर्म बदलला, झाडू सुटला नाही. सफाईची भरती ‘फक्त बिगरमुस्लिमांसाठी’ असल्याच्या जाहिराती तिथं उघडपणे निघत आल्या. १६ ऑगस्ट २०२३ रोजी जडांवाल्यात वीसहून अधिक चर्चवर हल्ले झाले. ते जगानं पाहिलं. रोजचं वेगळं ठेवलेलं भांडं बातमीत येत नाही.

खान्देशात मुसलमान बहुसंख्य नाहीत, पण पाणवठा तोच होता. ज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्यातल्या काहींनी चर्चची वाट धरली.

आदिवासी पट्ट्यातही मिशन आलं. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल १९४२ चं. १ जुलै १९९८ पर्यंत हा भाग धुळे जिल्ह्यातच होता. त्याच वर्षी नाताळात शेजारच्या डांगमध्ये चर्च जाळली गेली.

गावानं एखाद्याला वाळीत टाकलं, तर आज महाराष्ट्रात कायदा आहे. २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, तीन वर्षांपर्यंत कैद. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, याचा अभिमान वाटायलाच हवा.

खरी अडचण सरकारी कागदात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख, १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढा म्हटलं, तरी ती गेली नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये याच प्रश्नाच्या अभ्यासासाठी बालकृष्णन आयोग नेमला गेला. आदिवासींना ही अट नाही, म्हणून भिल्ल किंवा मावची ख्रिस्ती झाला तरी दाखला टिकतो. आता तोही काढून घ्या, अशी ‘डीलिस्टिंग’ची मागणी जोर धरते आहे. ती मान्य झाली तर आश्रमशाळेतली जागा, शिष्यवृत्ती, नोकरी सगळंच जाईल. दलित ख्रिस्ती कुटुंब मात्र आजही रविवारी प्रार्थनेला जातं आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर जुनाच धर्म लिहून ठेवतं.