साखळीच्या टोकाचा हिवाळा

2020-21चा हिवाळा पुणेकरांच्या आठवणीतून जवळपास गळूनच गेला आहे. कुणालाही विचारा, पहिल्या टाळेबंदीतल्या थाळ्या आणि डालगोना कॉफीवरून तो थेट पुढच्या एप्रिलमधल्या ऑक्सिजनच्या धावाधावीवर येतो. मधले तीन-साडेतीन महिने त्याच्या हिशेबातच नसतात. पहिली लाट सप्टेंबरात टिपेला जाऊन ओसरली होती आणि दुसरी अजून यायची होती. माझ्याकडे ते महिने शाबूत आहेत ते आमच्या तांबूमुळे. कुत्रा दर खांबाशी थांबतो, मग माणसालाही थांबावे लागते. आणि थांबलेल्या माणसाला इकडेतिकडे बघण्यावाचून दुसरे काम नसते.

तांबू जून 2020मध्ये कॅनॉल रस्त्याच्या कडेला सापडला. अस्सल गावठी, डोळे नुकते उघडून जगाकडे बघायला लागलेला. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे बघते, ऐकते, हुंगते ते त्याच्या अंगवळणी पडते, असे प्राण्यांचे डॉक्टर सांगतात. तांबूचे ते आठवडे नेमके बंद शहरात गेले. जुलैत तर 13 ते 23 तारखेपर्यंत पुण्यात पुन्हा कडक टाळेबंदी होती. त्यामुळे रस्ते रिकामेच असतात आणि परक्या माणसांना नाकतोंड नसते, अशी त्याची पक्की समजूत झाली. दिवाळीनंतर लोकांचे मास्क हनुवटीवर उतरू लागले, तसा हा उघड्या तोंडांवर भुंकू लागला. “अहो, याला महापालिकेत चिकटवा की, पाचशेची पावती तेवढी तोंडात द्या,” असे खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले. तेव्हा त्यांचाही मास्क हनुवटीवरच होता.

मास्क उतरायला कारणेही होती म्हणा. पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, राज्यातली देवळे उघडली होती. हॉटेलांत चहा मिळू लागला होता. 22 डिसेंबरपासून ब्रिटनमधल्या नव्या विषाणूच्या धास्तीने महापालिकांच्या हद्दीत रात्री अकरा ते सकाळी सहा संचारबंदी लागली, ती 5 जानेवारीपर्यंत. पण रात्री अकरानंतर विषाणू फिरतो आणि आधी झोपतो का, हा विनोद लगेच जुना झाला. आमची पंचाईत वेगळी होती. तांबूला पावणेसहालाच जाग यायची. त्या दिवसांत सोसायटीच्या फाटकाशी स्वेटर-कानटोप्यांतली चार-पाच माणसे आणि तेवढीच कुत्री सहा वाजायची वाट बघत ताटकळत. माणसांना एकमेकांची नावे माहीत नव्हती. ब्राउनीची आई, सिंबाचे आजोबा, तांबूचे बाबा, एवढ्यावर भागत होते. टाळेबंदीच्या सुरुवातीला कुत्र्यामुळे रोग पसरतो अशी आवई उठली तेव्हा याच लोकांशी लिफ्टवरून भांडणारे शेजारी आता ‘उद्या आमच्या नातवाला न्याल का बरोबर?’ असे विचारत.

विधी महाविद्यालयाचा रस्ता हिवाळ्यात सकाळी एरवी गजबजलेला. त्या वर्षी महाविद्यालये बंद, वसतिगृहे रिकामी, मुले आपापल्या गावी मोबाइलवर व्याख्याने ऐकत. हे सगळे वर्तमानपत्रात येत होतेच. न आलेली गोष्ट म्हणजे या रस्त्यावरच्या भटक्या कुत्र्यांचे काय झाले. चहाच्या टपऱ्या आणि पोह्यांच्या गाड्या यांच्या भरवशावर ती जगत होती. टपऱ्या मिटल्या तशी त्यांची हद्दच विस्कटली. काही बंगल्यांच्या गल्ल्यांत शिरली, काही कॅनॉल रस्त्याला, जिथे रोज एक बाई भात घेऊन यायच्या. जुनी टोळी एका बाजूला आणि ही निर्वासित मंडळी दुसऱ्या बाजूला, अशी सीमा एका रोहित्राच्या पेटीपाशी ठरली होती. तांबू तिथे आला की शेपूट पायांत घालून रस्ता ओलांडायचा. शहराच्या अर्थव्यवस्थेला काय झाले यावर त्या काळात बरेच तज्ज्ञ बोलले. पोह्याच्या एका गाडीवर किती पोटे अवलंबून असतात, हे मला त्या पेटीपाशी जास्त कळले.

भांडारकर रस्त्याच्या बाजूला बुचाची झाडे आहेत. पाऊस सरला की त्यांची पांढरी, लांब देठांची फुले पहाटे रस्त्यावर पडलेली असतात आणि थंड हवेत त्यांचा वास खाली दबून राहतो. खालच्या मजल्यावरच्या काकांना सप्टेंबरात करोना होऊन गेला होता. आजार हलकाच, पण वास गेला तो गेलाच. (वास आणि चव जाणे हे लक्षण आरोग्य मंत्रालयाने जूनमध्येच यादीत घातले होते.) ते आमच्याबरोबर फिरायला येत, एक फूल उचलत, नाकाशी धरत आणि खिशात टाकत. “आज?” असे मी विचारायचे, “छे,” असे त्यांनी म्हणायचे. शेजारी तांबू एकाच पानावर मिनिटभर नाक रोवून उभा. त्याला पुढे ओढले की काका रागवायचे, “वाचू दे की त्याला!”

फेब्रुवारीत बातमी आली की लष्कराने मेरठच्या केंद्रात कुत्र्यांना घाम आणि लघवीच्या नमुन्यांवरून करोना ओळखायला शिकवले आहे. कॅस्पर नावाचा कॉकर स्पॅनिएल आणि तमिळनाडूच्या चिप्पीपराई जातीचे जया आणि मणी. त्यातले दोघे देशी निघाल्याचा काकांना फार आनंद झाला. तांबूकडे बघून ते म्हणाले, “बघ, तुझ्यातलेच आहेत.”

12 जानेवारीची सकाळ मात्र सगळ्यांना आठवते. पहाटे पाचच्या आत मांजरीतल्या सीरम इन्स्टिट्यूटमधून लशीचे तीन ट्रक नारळ फोडून विमानतळाकडे निघाले होते. 478 खोकी, प्रत्येकी 32 किलोचे. फाटकापाशी त्या दिवशी कुणीच कुत्र्यांबद्दल बोलले नाही. मांजरीहून निघालेल्या ट्रकांचा जणू आपणच पहारा केला, अशा थाटात सिंबाचे आजोबा खोक्यांचा हिशेब सांगत होते. त्याच महिन्यात शिवाजीनगरचे करोनाचे जम्बो रुग्णालय बंद झाले. आमच्यातल्या निम्म्यांनी कानटोपीबरोबर मास्कही घरी ठेवायला सुरुवात केली. तांबू भुंकून भुंकून दमला.

22 फेब्रुवारीला रात्रीची संचारबंदी परत आली; मार्चमध्ये जम्बोही पुन्हा उघडले. एप्रिलबद्दल इथे लिहीत नाही, त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. तेव्हाही तांबूला बाहेर न्यावे लागे, पण फाटकापाशी कुणी थांबत नसे.

2021च्या ऑक्टोबरात महाविद्यालये उघडली आणि तांबूची खरी परीक्षा सुरू झाली. एवढी माणसे एका रस्त्यावर त्याने जन्मात पाहिली नव्हती. टपरीवाल्याने बिस्किटांच्या जोरावर त्याला माणसांत आणले, पण उघड्या चेहऱ्यांचा संशय काही जाईना. पुढच्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिल 2022ला, मास्कची सक्ती सरकारने उठवली, त्या दिवशी तर तो पूर्ण रस्ताभर भुंकत होता. स्कार्फने डोळ्यांखेरीज सगळे गुंडाळून दुचाकीवर निघालेल्या पुणेरी मुली तेवढ्या त्याला पहिल्यापासून मंजूर. सिग्नलला थांबलेल्या अशा प्रत्येकीपुढे तो अजूनही शेपूट हलवत जाऊन उभा राहतो.